दिगूच्या सायकलची जाळी

"हा झोळ बघ! ह्याच्यावर बसतोस तू?" अण्णांनी दिगूच्या सायकलच्या जाळीवर मूठ दाबली. जाळी खाली गेली आणि मूठ खालच्या लोखंडी नळीवर ठक्‌कन आपटली. "पतंग्यांच्या दुकानात उभी करायची वस्तू आहे ही? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

मी मशीन थांबवलं. अण्णा ओरडले म्हणून नव्हे, ते सकाळी उठल्यापासून ओरडतच असायचे. त्यांनी त्या सायकलला हात लावला म्हणून. ती घरात आल्यापासून त्यांनी तिला कधी बोट लावलं नव्हतं. जाता-येता वाटेत आली तर पायानं सरकवायचे.

मिरजेत एसटी स्टँडच्या मागच्या रस्त्याला आमचं, पतंग्यांचं दुकान, आणि मागं घर. रिक्षाचे हूड, ट्रकच्या ताडपत्र्या, टेम्पोच्या सीटा, असलं दणकट शिवणकाम. अण्णा मालक, माझा धाकटा भाऊ दिगू कापायला आणि मी मशीनवर. मी म्हणजे शालन, नवऱ्याच्या घरून वर्षाच्या आत परत आलेली. "एक वाकडं निघालं आणि एक परत आलं," अशी अण्णा आम्हा दोघांची ओळख करून द्यायचे, आणि समोरचा हसला की त्यांना बरं वाटायचं.

वाकडं म्हणजे दिगू. लहान असताना त्याच्या मणक्याला क्षय झाला होता. जगला, पण पाठीत कुबड राहिलं. कापायला हात चांगला होता त्याचा, पण अण्णा ते कधी तोंडानं म्हणाले नाहीत. उलट गिऱ्हाइकासमोर, "हूड सरळ कापतो हां, फक्त कापणाऱ्याकडं बघू नका," म्हणायचे. दिगू हसायचा. आपल्यावरच्या विनोदाला पहिला हसणारा तोच असायचा, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा.

ती सायकल सांगलीच्या एका कॉलेजातल्या पोरांनी कसल्याशा स्पर्धेसाठी केलेली होती. आडवी सायकल. तिच्यावर बसायचं नाही. आरामखुर्चीत रेलावं तसं मागं रेलायचं आणि पाय पुढं लांब करून पायडल मारायचे. सीट म्हणजे नळ्यांची चौकट, तिच्यावर ताणलेली नायलॉनची जाळी, आणि ती मागून दोरीनं आवळलेली. स्पर्धा झाली, सायकल वर्कशॉपमागं गंजत पडली, तेव्हा तिथल्या लिमयेसरांनी ती दिगूला देऊन टाकली. साध्या सायकलवर वाकलं की दिगूला श्वास पुरायचा नाही. हिच्यावर रेलला की त्याचं कुबड जाळीत अलगद जाऊन बसायचं. चालवून चालवून जाळीला त्या जागी खळगा पडला होता, आणि तीच त्याची गादी झाली होती. रस्त्यातली पोरं "ए, खाट चालली, खाट!" म्हणून मागं पळायची. दिगू घंटी वाजवायचा आणि पाय जोरात मारायचा. जन्मात पहिल्यांदा तो कुणाच्या तरी पुढं जात होता.

आणि आता त्याच लिमयेसरांनी त्याला वर्कशॉपमध्ये मदतनिसाची नोकरी देऊ केली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. मिरजेहून सांगलीला बस होत्या, नाही असं नाही. पण एकदा बसच्या गर्दीत कुणाच्या तरी ट्रंकेचा कोपरा दिगूच्या पाठीत बसला होता, आणि तो आठवडाभर पालथा पडून होता. तेव्हापासून बस नको म्हणजे नकोच. थोडक्यात, सायकल होती तर नोकरी होती. सायकल नाही तर आयुष्यभर अण्णांच्या पुढ्यात टेबलाशी उभं राहून कापायचं आणि ऐकून घ्यायचं.

नोकरीचं अण्णांना सांगताना पोरानं किती मांडून मांडून सांगितलं! "सकाळी जायच्या आधी कापून ठेवीन अण्णा. संध्याकाळी आल्यावर पुन्हा कापीन. तुमचं एक हूड अडू देणार नाही." अण्णा ऐकत राहिले आणि "बरं" म्हणाले. एवढंच. मला तो "बरं" काही आवडला नव्हता, पण दिगू कुठला ऐकतोय. तो हवेतच होता.

जाळी मात्र बुडाखाली फारच बसली होती. खड्डा आला की माकडहाड नळीवर आपटायचं. म्हणून तो सकाळपासून माझ्या मागं लागला होता, "अक्का, बुडाखाली नवारीच्या दोन पट्ट्या घालून दे. पाठीकडं हात लावू नकोस, तिकडचा झोळ राहू दे." नेमकं तेच अण्णांच्या कानावर गेलं.

"झोळ राहू दे?" अण्णा म्हणाले. "हे कुणी शिकवलं तुला? मी?"

"तिथं मला बरं पडतं अण्णा. पाठ बसते त्यात."

"आमच्या धंद्यात झोळ दिसला की माणसाची अब्रू गेली. काढ ती सीट. मी करतो."

दिगूला खरंच वाटेना. "तुम्ही?"

"मग काय दुसऱ्या दुकानात देतोस? झोप टेबलावर. माप घेतो."

दिगू कापायच्या टेबलावर पालथा झोपला. अण्णांनी त्याचा शर्ट वर सारला. अण्णांना टेप लागायची नाही. वितीनं आणि बोटांनी मोजायचे आणि ते टेपेपेक्षा नेमकं यायचं, मिरजेतले रिक्षावाले त्याच्या शपथा घ्यायचे. त्यांनी दिगूच्या मानेपासून वीत टाकायला सुरुवात केली. टाकत टाकत खाली आले, कुबडावर अंगठा टेकवला आणि दाबला.

"इथं दुखतं?"

"नाही."

"इथं?"

"नाही. जरा खाली. हां, तिथं! टोकावर नुसतं हाड आहे ना, तिथं दाबलं की कळ येते."

"इथंच?"

"तिथंच, अण्णा."

"हं," म्हणून अण्णांनी पुन्हा एकदा मानेपासून मोजून घेतलं.

दिगूचं तोंड माझ्याकडं होतं. एवढं खुललेलं तोंड मी नवऱ्यामुलाचंही पाहिलं नाही. पोर आजारी होतं तेव्हासुद्धा अण्णांनी त्या पाठीला हात लावला नव्हता. तेल आई लावायची, अंघोळ आई घालायची, दवाखान्यात आईच घेऊन जायची. टेबलावरून उठला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते.

"अक्का, अण्णांचा हात किती ऊन असतो गं," तो माझ्या कानाशी म्हणाला.

"गप रे," मी म्हटलं. मलाच रडायला यायला लागलं होतं, आणि अण्णांसमोर रडायचं म्हणजे पुढं महिनाभर नकला बघायच्या.

शनिवारभर अण्णा त्या सीटेवर बसले. आम्हाला हात लावू दिला नाही. रविवारी सकाळी सायकल दुकानापुढं उभी केली तर जाळी ओळखू येईना. मागून आडव्या नवारीच्या पट्ट्या, नळीला वळसा घालून आवळलेल्या, आणि टोकं रिबिटांनी ठोकलेली. दोरी कुठंच नाही, की कुणाला वाटलं म्हणून सैल करता येईल. सुरकुती औषधालासुद्धा नाही.

मैनुद्दीन रिक्षावाला हूड टाकायला आला होता. त्यानं जाळीवर टिचकी मारली. "वा अण्णा! ढोलकीगत वाजतंय की! माझ्या रिक्षाला असलं काम कधी केलं नाहीत तुम्ही."

"तुझी पाठ सरळ आहे," अण्णा म्हणाले.

मैनुद्दीन हसला. दिगूही हसला. त्या दिवशी त्याला कशाचंही हसू येत होतं.

आईनं सायकलला हळदकुंकू लावलं, हँडलला झेंडूचा हार घातला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "बघ. तू उगीच बापाला नावं ठेवतेस. शेवटी पोटचं पोर आहे. कळवळा असतोच गं आत." आई म्हणते तसं असेल, असं मलाही वाटायला लागलं होतं. कुणाला वाटू नये?

सांगलीच्या वाटेवरच्या विश्रामबागपर्यंत जाऊन येतो म्हणून दिगू निघाला. परत आला तो चालत, सायकल हातात धरून. हारसुद्धा अजून कोमेजला नव्हता.

"काय झालं रे?"

"काही नाही. नवीन आहे ना, ताठ आहे. सवय व्हायला पाहिजे."

जेवून पुन्हा गेला. पुन्हा चालत आला. ह्या वेळी तोंड पांढरं पडलं होतं. मी त्याला आतल्या खोलीत नेलं. शर्ट पाठीला चिकटून बसलेला, पाणी लावून लावून सोडवावा लागला. कुबडाच्या टोकावरची कातडी सोलून निघाली होती आणि आतलं लाल दिसत होतं.

"दिगू, मी ती पट्टी कापून काढते."

"नाही हां! अजिबात नाही."

"अरे, पाठ बघितलीस का तुझी? कसा जाणार उद्या?"

"दोन शर्ट घालून जाईन. अण्णांनी स्वतःच्या हातानं केलंय अक्का. जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी काही केलं, आणि मी त्यावर कातर चालवू? माप चुकलं असेल त्यांचं. वय झालं, डोळ्यांना दिसत नसेल. तू मात्र बोलू नकोस हां त्यांना. माप चुकलं म्हटलं तर जीव देतील ते." आणि एवढी पाठ सोलवटलेली असताना हा वेडा चक्क लाडानं म्हणाला, "म्हातारे झाले गं अण्णा."

बाहेर आला तर अण्णा चहा पीत बसले होते. बशीतून वर बघून म्हणाले, "काय रे, जमेना?"

"जमेल अण्णा. आजचा पहिला दिवस."

"जमलं तर बघ. नाहीतर राहू दे. सगळ्यांना सगळं जमलंच पाहिजे असं कुठं आहे? इथं टेबल आहेच तुझं."

आवाजात राग नाही, टोमणा नाही. अण्णांच्या तोंडून एवढं गोड मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणूनच मला ते खटकलं.

सोमवारी सकाळी दिगू अंघोळीला गेला आणि मी सायकल उलटी करून बघितली. पट्ट्या सगळ्या साध्या, एकेरी. एकच दुहेरी होती, पाठीच्या कुबडाच्या जागची. हात लावला तर आत काहीतरी कडक. उसवून बघितलं. ताडपत्रीच्या काठात घालतो ती जाड दोरी त्या पट्टीच्या आत घालून वरून मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवून टाकलेली. सीट करताना बसणाऱ्याला टोचू नये म्हणून आम्ही साधी शिवणसुद्धा वर येऊ देत नाही. पट्टीत दोरी कोण घालतं? आणि त्या पट्टीच्या बरोबर मध्यावर जाळीला अण्णांच्या खडूची फुली होती. हूड करताना जिथं बक्कल ठोकायचं तिथं ते अशीच फुली मारायचे.

मी तिथंच खाली बसले. बाप असं करेल हे डोक्यात शिरत होतं आणि मी ते बाहेर ढकलत होते. आणि मग मला दिगूचं ते "म्हातारे झाले गं अण्णा" आठवलं. माझं टाळकंच फिरलं.

अण्णा पुढं दुकानात टेबलाशी होते. रस्त्याच्या दाराकडं पाठ, समोर रेक्झिन पसरलेलं, हातात खडू. मी टेबलाच्या पलीकडं जाऊन उभी राहिले.

"अण्णा," मी म्हटलं, "दिगूच्या जाळीचं माप चुकलं तुमचं."

हात थांबला. "काय म्हणालीस?"

"दुहेरी पट्टी भलतीकडंच आली. होतं असं. वय झालं आता."

"शालन, तोंड सांभाळ."

"सांभाळते. पण आज मी बोलले, उद्या रिक्षावाले बोलतील. पतंगे अण्णांना वीत कळेना म्हणतील. ह्यापुढं मापं मी घेत जाईन, तुम्ही नुसते बसत जा गल्ल्यावर."

अण्णांची मान लाल झाली. ती कशी लाल होते ते मला लहानपणापासून पाठ होतं, आणि कुठं बोट घातलं की होते तेही.

तेवढ्यात दिगू बाहेरून दारात आला. नवीन कडक इस्त्रीचा शर्ट, आत दुसरा, केसांना तेल, हातात डबा. अण्णांना निघतो म्हणून सांगायला, पाया पडायला आला होता. अण्णांना तो दिसत नव्हता. मला दिसत होता. आई पुढं मरेपर्यंत मला म्हणत राहिली, "तू तिथं गप बसायचं होतंस." मी गप बसले नाही आणि मला त्याचं अजून काही वाटत नाही. नाहीतर त्या पोरानं रोज दोन शर्ट घालून पाठ सोलून घेतली असती, आणि रोज संध्याकाळी बापाचं वय झालं म्हणून त्याची कीव केली असती. मग एक दिवस निमूटपणे टेबलाशी येऊन उभा राहिला असता. ते माझ्यानं बघवलं नसतं.

"चुकलं म्हणून टाका की अण्णा," मी म्हटलं. "एवढं काय त्यात. म्हाताऱ्या माणसाचं चुकतं."

"चुकलं?" अण्णांनी टेबलावर हात आपटला. "माझं? आण टेप! बोलव कुठल्या शहाण्याला बोलवायचं त्याला! मानेच्या हाडापासून खाली दीड वीत दोन बोटं, तिथं त्याच्या हाडाचं टोक आहे, आणि तिथंच पट्टी आहे. सूतभर इकडं नाही, सूतभर तिकडं नाही. जिथं घालायची होती तिथंच घातली मी. तिच्यावर रेलून सांगलीला कसा जातो, बघतोच मी!"

बोलता बोलता त्यांची नजर खाली गेली. रेक्झिनवर सावली पडली होती. तसल्या पाठीची सावली आमच्या घरात एकाचीच होती. अण्णा वळले नाहीत.

दिगूनं हातातला डबा ह्या हातातून त्या हातात घेतला.

"अण्णा," तो म्हणाला, "मला म्हणायचं होतं ना, जाऊ नकोस म्हणून."

अण्णांनी तळव्यानं रेक्झिन सपाट केलं.

"राहिलो असतो मी. खरंच राहिलो असतो."

ते खोटं नव्हतं. मी माझ्या भावाला ओळखते. ह्या बापानं एकदा, नुसतं एकदा "दिगू, राहा" म्हटलं असतं ना, तर ह्या गाढवानं नोकरीवर पाणी सोडलं असतं आणि वर गल्लीत पेढे वाटले असते.

दिगू आता सांगलीतच असतो. त्या दिवशी मैनुद्दीन त्याला रिक्षातून सोडून आला, आणि लिमयेसरांनी वर्कशॉपमागची एक खोली त्याला राहायला दिली. ती पट्टी मी कापून काढली, सायकल टेम्पोत घालून पाठवून दिली. चालवतो तो ती. भाऊबीजेला मला तिकडं बोलावून घेतो. दुकानाची पायरी मात्र पुन्हा चढला नाही. अण्णा गेले तेव्हासुद्धा परस्पर कृष्णाघाटावरच्या स्मशानात आला.

पण ते सगळं नंतरचं. त्या वेळी तो अजून दारातच उभा होता. मला त्याचं तोंड दिसत होतं म्हणून सांगते, एवढं सगळं ऐकूनही तो वाट बघत होता. अण्णा वळतील, काहीतरी बोलतील. शिवी हासडली असती तरी त्याला चाललं असतं.

अण्णा बोलले. वळले नाहीत. टेबलावर पडलेला खडू त्यांनी उचलला.

"दारातून बाजूला हो," ते म्हणाले. "उजेड अडतोय."

दिगू बाजूला झाला. टेबलावर लख्ख ऊन आलं, आणि अण्णांनी रेक्झिनवर रेघ ओढायला घेतली.